अक्कदचा हुकूम, मुकुटबनचा वाघ

नागपूरला सीताबर्डीच्या फूटपाथवर मी एक जुनं पुस्तक घेतलं. चार हजार वर्षांपूर्वीच्या अक्कद राज्यातली पत्रं त्यात इंग्रजीत करून दिलेली होती. मला वाटलं, राजाराण्यांच्या भानगडी असतील. निघाले बैल, सातू, पाण्याचे पाट आणि वरून खाली आलेले हुकूम. मी तलाठी. म्हणजे सुट्टीच्या दिवशीही माझ्या नशिबी दफ्तरच!

ही पत्रं तळहाताएवढ्या ओल्या मातीच्या पाटीवर टोचून लिहायचे. सुरुवात ठरलेली: अमक्याला सांग, तमका असं म्हणतो. ज्याला पत्र जायचं त्याला वाचता येईलच असं नव्हतं, कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. ते साम्राज्य फौजेने जिंकलं असेल, पण चालत होतं या चिठ्ठ्यांवर. एका पत्रात वरचा अधिकारी खालच्याला बजावतो की डोंगरातले लुटारू फिरताहेत ही सबब सांगू नकोस, शेत नांगर आणि गुरंही राख. मी पुस्तक मिटलं. हा साहेब माझ्या ओळखीचा होता.

दोन वर्षांपूर्वी मुकुटबनच्या पुढचं एक गाव माझ्याकडे होतं. अतिवृष्टीने सोयाबीन गेलं होतं. प्रत्येक वावरात जाऊन फोटोसह पंचनामे करा, लगेच करा, असा हुकूम आला. त्याच आठवड्यात नाल्याकाठी वाघाने गाय मारली होती. मी वर कळवलं. उत्तर आलं, ‘सबबी नकोत.’

आता वावरं दाखवायला पुढे चालणार आमचे कोतवाल काका. साठीला टेकलेले, एका पायाने अधू, आणि सरकारी कामाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नाही. त्या पायाने ते पळणार तरी कुठे?

“काका, उद्या तुम्ही येऊ नका. माझं मी बघते.”

“अन् कोणाचं वावर कोणतं, हे तुमाले वाघ सांगन का, म्याडम?”

संध्याकाळी त्यांचं डफडं वाजलं. आमच्याकडे हुकूम मोबाइलवर आला तरी दवंडी पिटल्याशिवाय गाव तो खरा मानत नाही.

“ऐका हो! तहसीलचा हुकूम हाये! उद्या पंचनामा हाये! घरटी एक माणूस काठी घेऊन पारावर या! एकाच्या वावरात साऱ्यायनं जाचं हो!”

मी धावतच गेले. “काका, हे हुकमात कुठं आहे?”

“नसन. पण मी म्हणलो तर कोण येते? सरकार म्हणते म्हणलं का येते.”

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. आता वाटतं, अक्कदलाही कोणीतरी पत्र वाचून दाखवत असणार. वाचताना त्याने पदरचं काय घातलं, ते मातीवर कुठून उमटणार?

सकाळी सारं गाव पारावर. बाया वाजवायला थाळ्या घेऊन आल्या. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, कोर्टात गेलेले दोघे भाऊही तोंड फिरवून का होईना, एकाच घोळक्यात चालले. काकांना पोरांनी मधे घेतलं. नाल्याजवळच्या चिखलात वाघाचे ताजे ठसे दिसले. थाळ्या आणखी जोरात वाजल्या. दुसऱ्या दिवशी शेवटचं वावर झालं. कोणाला खरचटलंही नाही.

मी सगळं वर पाठवलं. लगेच मेसेज आला, ‘झालं ना? मग वाघाचं कारण कशाला पुढे करत होतात?’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काका पारावर पाय चोळत बसले होते. त्यांना मी वाचून दाखवलं आणि म्हटलं, “आता यांना काय कळवू?”

“लिवा,” ते म्हणाले. “वाघ होता. पण आमी सारं गाव होतो.”

मी तेवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं.