अनुबियासला घातलेली भर

हेमचंद्र एकतीस वर्षं परळच्या एका लॅबमध्ये माणसांचं रक्त तपासत होते. निवृत्तीनंतर माणसं सुटली, तपासणं सुटलं नाही. आता ते ओळखीच्यांच्या फिशटँकमधली झाडं बघत फिरतात. फी एक चहा, तोही बिनसाखरेचा. झाड पिवळं पडलंय म्हटलं की पहिला प्रश्न, "नवं पान की जुनं?" नवं पिवळं असेल तर लोह कमी, जुन्याला भोकं असतील तर पोटॅश. ज्यानं एवढंही बघितलं नाही, त्याचा फोन ते सरळ ठेवतात. एक नियम मात्र लॅबपासूनचा: रिपोर्ट द्यायचा, त्यापुढे बोलायचं नाही.

एके दुपारी फोनच्या स्क्रीनवर त्यांच्या जुन्या मित्राचं, माधवचं नाव आलं. माधव जाऊन दोन महिने झाले होते. फोनवर त्याची बायको होती, डिलाईल रोडहून, मालनवहिनी. "ह्यांचं झाड मरतंय ओ भाऊजी. त्यांच्या हातचं तेवढं एकच राहिलंय." हेमचंद्रांनी पानाचं विचारलंच नाही. चपला घातल्या आणि निघाले.

चाळीतली खोली लखलखीत, टँकची काचही पुसलेली. आत माधवचं नऊ वर्षांचं अनुबियासचं झाड मात्र मान टाकून पडलं होतं. हेमचंद्रांनी पानाला बोट लावलं, तर ते देठासकट हातात आलं. देठाला कुजका वास. पिवळेपणा नाही, भोकं नाहीत. मग त्यांना झाडाच्या बुंध्याशी चढवलेली खडी दिसली.

"ही खडी कुणी घातली?"

"मीच. मुळं उघडी पडली होती बिचाऱ्याची. गावाला हळदीला भर घालतो ना, तशी घातली. रोज थोडी वर सारते."

हेमचंद्रांनी खडी बाजूला सारली; खालचं खोड मऊ पडलं होतं. या झाडाचं आडवं, जाड खोड पाण्यात उघडंच लागतं. पुरलं की सडतं.

"माझ्याच हातानं मेलं ना?"

खोटा रिपोर्ट त्यांनी आयुष्यात दिला नव्हता. "हो वहिनी. जपायला गेलात आणि त्याचा श्वास कोंडला."

वहिनी मटकन खाली बसल्या. "शेवटी शेवटी ह्यांनाही थंडी वाजत होती. मी आपली गोधडीवर गोधडी घालत राहिले. त्यांचंही असंच झालं असणार."

हेमचंद्रांनी त्या दिवशी आपला नियम मोडला. ते वहिनींसमोर जमिनीवरच बसले. "माधवचं हृदय चार वर्षं अधू होतं. सगळे रिपोर्ट तो मला दाखवायचा. गोधडीनं माणूस जात नाही, वहिनी. थंडी वाजणाऱ्याला ऊब लागते, ती तुम्ही दिलीत. झाडाच्या बाबतीत चुकलं. माधवच्या बाबतीत तुमचं काही चुकलं नाही."

वहिनी पोटभर रडल्या. हेमचंद्रांनी रडू दिलं.

मग खोड बाहेर काढून ते अंगठ्यानं दाबत गेले. मऊ लागलं तेवढं ब्लेडनं कापत गेले. शेवटी बोटभर टणक तुकडा उरला, दोन पानांचा. वहिनींनी तो काळ्या दोऱ्यानं दगडाला बांधला आणि दगड टँकमध्ये ठेवला. त्यांचा हात सवयीनं खडीकडे गेला, मग त्यांनीच तो मागे घेतला. चहा मात्र गोड केला, आणि हेमचंद्र निमूटपणे प्यायले.

महिन्याभरानं पुन्हा माधवचं नाव स्क्रीनवर आलं.

"भाऊजी, पान बघितलं मी," वहिनी घाईघाईनं सांगत होत्या. "नवं आहे. नखाएवढं. मुळं उघडीच आहेत हां, मी काही पांघरूण घातलेलं नाही."