नानांनी न केलेली सही

नानांइतका डोकं उठवणारा निर्दोष माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते आमच्या कंपनीचे स्टोअरकीपर, मूळचे नाशिकचे. वर्ल्ड कपच्या स्टेडियमची कामं जोरात होती आणि दोहाच्या ऑफिसात मी कागदपत्रं सांभाळायचे. पूर्ण वाचल्याशिवाय नाना कशावरही सही करत नसत. ट्रक उन्हात उभा, ड्रायव्हर ‘यल्ला, यल्ला’ म्हणजे ‘चला, चला’ ओरडतोय आणि हे चष्मा पुसताहेत!

अशा माणसाच्या नावाच्या गेटपासवर तांब्याची केबल साइटबाहेर गेली. सही खोटी होती, पण कोर्टात ती त्यांचीच ठरली. दीड वर्षाची शिक्षा झाली. अपिलाची मुदतही त्यांनी घालवली. "मी केलंच नाही, तर अपील कसलं?" म्हणे!

रमजानमध्ये तिथले अमीर काही कैद्यांना माफी देतात, तशी मिळण्याची शक्यता होती. नानांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. मी अर्ज घेऊन तुरुंगात भेटायला गेले. त्यांनी तो सावकाश वाचला.

"‘केलेल्या गुन्ह्याचा पश्चात्ताप होतो’, हे खोड."

"नाना, ते खोडलं तर अर्जात उरतं काय?"

"मग राहू दे."

"आणि लग्न?"

त्यांनी अर्जाची घडी घालून माझ्या हातात परत दिला. "चोर म्हणून कन्यादान करू?"

परतताना गाडीत मी एकटीच त्यांच्यावर ओरडत होते. कन्यादान मुलीच्या मामांनी केलं.

त्याच रागात मी जुन्या फायली उपसल्या. गेटपासच्या दिवशी नाना दुसरीकडे, अल खोरच्या साइटवर होते. कंपनीच्या बसच्या हजेरीत जाता-येता त्यांची सही होती.

"हे कोर्टात सांगितलं का नाही?" पुढच्या भेटीत मी विचारलं.

"सांगितलं. त्यांनी कागद मागितला. मी ऑफिसला पत्र लिहिलं."

ते पत्र माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. फायली मात्र माझ्याच कपाटात होत्या.

मी गाठलेल्या वकिलांनी फेरसुनावणीचा अर्ज केला. "पुरावा चांगलाय, पण उशीर फार झाला," ते म्हणाले. निकाल येईपर्यंत नाना शिक्षा भोगून नाशिकला पोचलेही होते. अर्ज फेटाळल्याचं मी फोनवर सांगितलं.

"मी चोरी केली असं म्हणाले?"

"नाही हो. पुरावा बघितलाच नाही. मुदत उलटली, एवढंच."

"मग बरोबर आहे. उशीर झालाच होता. चोरी मी नव्हती केली."

मी चिडून फोन ठेवला. मग परत लावला, आणि फायलींबद्दल त्यांची माफी मागितली.