सायलीची दहावी आणि खो-खो

आमच्या घरात किस्से फार साठतात. एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या मागे चार धावत येतात. मला लिहितावाचता येत नाही. मी सांगतेय, सूनबाई लिहून घेतेय.

तर हातखंब्याजवळ एक घर होतं, अजून आहे. तिथे मी, माझा मुलगा दिनेश, सून मेधा आणि नात सायली. सायली दहावीत गेली. तिला शाळेच्या संघातून खो-खो खेळायचं होतं आणि मार्कही चांगले हवे होते. दिनेश म्हणे, दोन्ही मिळत नसतं. खेळ बंद!

*

शाळा सुरू झाली त्याच दिवशी दिनेशने सायलीचे बूट माळ्यावर टाकून कुलूप घातलं. चावी कमरेला लावून फिरायचा, जसा काय खजिनदार.

आठ दिवसांनी शाळेतले खेळाचे सर भेटले. सायलीने सरावात कमाल चालवलीय म्हणाले. दिनेश चक्रावला. बूट तर माळ्यावर होते.

सर म्हणाले, "अहो, ती अनवाणीच खेळते."

*

मग हुकूम निघाला, शाळा सुटली की थेट घरी. पोर चार वाजल्यापासून पुस्तकासमोर. मी चहा द्यायला गेले, तर विज्ञानाच्या पानावर हृदयाचं चित्र. मासळी साफ करून आले, हृदयच. भात उतरवून आले, तरी हृदयच! नजर तिची खिडकीबाहेर.

दिनेशला सांगितलं, पोरगी वाचत नाहीये.

"आई, तुला काय कळतंय वाचनातलं?"

"वाचनातलं नाही रे. पण दोन तासांत चित्र बदललं नाही, एवढं दिसतं मला."

घटक चाचणीत मार्क नववीपेक्षा कमी पडले. दिनेशने क्लास लावला. तिथल्या बाईंचा निरोप आला, मुलगी डुलक्या काढते.

*

मेधा सहसा बोलत नाही. (हे लिहिताना हसतेय बघा.) त्या दिवशी बोलली. सहामाहीपर्यंत रोज तासभर खेळू दे, मग अभ्यास, आणि मार्क घसरले तर खेळ कायमचा बंद. दिनेश कसाबसा तयार झाला. सायलीने त्याच दिवशी सगळ्या मैत्रिणींना अभ्यासाला घरीच बोलावलं.

टेबलाभोवती बसतील तर शपथ! घरापुढच्या खळ्यात रांग धरून बसल्या, एकीचं तोंड घराकडे, दुसरीचं गोठ्याकडे. एक मागून धावायची, पाठीवर थाप मारून खो द्यायची आणि प्रश्न टाकायची. उत्तर आलं तर उठायचं, नाहीतर बसून राहायचं.

मी रांगेच्या टोकाला तांदूळ निवडत होते. मलाही खो मिळाला.

"आजी, मीठ कशाचं बनतं?"

"समुद्राचं."

"चूक. सोडियम आणि क्लोरीनचं."

"मग भाट्याच्या किनाऱ्यावर जा आणि समुद्राला सांगा तसं."

*

सहामाहीत सगळे विषय वर गेले, गणित मात्र खाली. तालुक्याच्या सामन्यांत भूमितीचे चार तास बुडाले होते. आता दिनेश खेळ बंद करणार म्हणून मी भांडायची तयारी करून बसले. त्याआधी सायलीच बोलली, "पप्पा, रविवारचा सराव मी सोडते. रविवारी भूमिती."

दिनेश म्हणाला, "पूर्ण नको सोडूस. सकाळचा तासभर कर."

*

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता मोबाइलवर लागणार होता. घरात कोणाला जेवण जाईना आणि सायली मैदानावर! गावच्या संघाचा सराव होता, शिकवायला शाळेतलेच सर. दिनेशने निकाल बघितला आणि गाडीला किक मारली. मी तशीच मागे बसले.

तो मोबाइल उंच धरून मैदानात घुसला. सायली पाठलागावर होती. थांबलीसुद्धा नाही.

"पप्पा, रेषेच्या बाहेर व्हा!"

झाला बाहेर. सर जवळ आले, किती पडले विचारू लागले. म्हणाला, आधी तिला सांगणार. डाव संपेपर्यंत हात वर धरून उन्हात उभा राहिला.

सायली धापा टाकत आली, मोबाइलमध्ये बघितलं. सरांकडे शाळेतल्या सगळ्यांचे मार्क आले होते; तिचे बघून म्हणाले, शाळेत पहिली!

मुलींनी कल्ला केला. सर दिनेशला म्हणाले, "या आता आत, पेढे मागवतो."

दिनेश म्हणाला, "थांबा सर. पुढचा डाव सुरू होतोय."