दुधरामची नवरी

दुधराम गालाला हळद फासत होता. किती वर्षं झाली, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या नाच-नाटकात तोच नवरी होऊन नाचतो. मिशा काढायचं दुःखही आता उरलं नाही. आज मात्र छातीतच ढोलकी वाजत होती.

कारण ढोलकीवर मुन्नालाल होता, त्याचा जिवाचा दोस्त. आणि मुन्नालालच्या घरी मंडईचे पाहुणे उतरले होते, त्याच्या दुर्गेश्वरीला पाहायला. पोरगी दहावीत, वय सोळा. तालमीत मुन्नालाल तिच्या गणिताच्या मार्कांचं कौतुक सांगताना थकत नसे, पण पाहुणे दारात आले की बापाचं तोंड बंद. मंडईत सोयरीक जुळते, ही इकडची जुनी चाल. संध्याकाळी सुपारी फुटणार होती.

"काऊन जी, अजून हळदच फासून राहिले?" त्याच्या लुगड्याचा काष्टा खोचत शामकला म्हणाली. त्याची ही बायको अंगणवाडीत मदतनीस. पोरींची लग्नं लांबवा म्हणून दारोदार सांगते आणि दारोदार चहा पिऊन परत येते. "एवढे वर्स नवरी बनून नाचले तुमी. एकदा तरी नवरीले बोलू द्या."

"मुन्नालाल उठून गेला तं?"

"तं मी वाजवीन ढोलकी."

चौकात माणूस मावत नव्हता. शिंगाड्यांच्या टोपल्या ओलांडत पोरं पुढे घुसत होती. ढोलकी कडाडली, दुधरामनं गिरकी घेतली, शिट्ट्या उठल्या.

"नवरी म्हातारी झाली गा!" कुणी ओरडलं.

"तुह्या आजीपेक्षा जवान हाओ!" दुधरामनं नाचता नाचता टोला परत केला.

मग पाठवणी आली. मंडळाची रीत अशी की नवरी ढोलकीवाल्याला बाप मानून विचारते, "जाऊ का जी, बाबा?" तो म्हणतो, "जा बेटा," आणि थाप मारतो. त्या थापेशिवाय दंडार पुढे सरकत नाही.

दुधराम वळला. ढोलकीसमोर येऊन उभा राहिला.

"बाबा, माहा दहावीचा पेपर हाये. पेपरले जाऊ, का सासरी जाऊ?"

मुन्नालालचा हात हवेतच राहिला. पाहुण्यांच्या खाटेवर कुणी खाकरलं. संपलं, दुधरामला वाटलं. दोस्ती गेली, दंडारही गेली. मुन्नालालची नजर त्याच्यावरून सरकत बायांच्या गर्दीत गेली. तिथे दुर्गेश्वरी उभी होती, तोंडावर ओढणी गच्च दाबून.

"पेपरले जा, बेटा." मुन्नालाल म्हणाला. मग तो खाटेकडे वळला. "पावनेहो, अठराची होऊ द्या तिले. मंग या. पन तिलेच विचारा."

खाटेवरचा सगळ्यात म्हातारा पाहुणा उठून उभा राहिला. काठी आपटून म्हणाला, "येऊ गा! पन दंडार कायले थांबवली? वाजव!"

थाप पडली. आणि दुधराम असा उडाला की काष्टा सुटला, डोक्यावरचा केसांचा टोप शिंगाड्यांच्या टोपलीत जाऊन पडला. चौक फुटेस्तोवर हसला. सगळ्यात लांब शिट्टी बायांच्या गर्दीतून आली. दुर्गेश्वरीची ओढणी केव्हाच खाली पडली होती.