गाण्याला अर्थिंग लागतं

गाणं सुरू करण्याआधी गौतमदा चपला काढून बाजूला ठेवायचा. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये लोकांना ती भक्ती वाटायची. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "भक्ती कशाची? गाण्याला अर्थिंग लागतं, सुनीता." बोरी गावात त्याच्या घरचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, बोलणंही तसंच. माइकचा शॉक बसला की शिवी हासडायचा आणि तीही सुरात बसवायचा.

आमच्या बँडचं नाव 'फ्यूज'. परभणीत तेव्हा पंक संगीत कुणाला ठाऊक नव्हतं, आम्हालाही जेमतेमच. रौफची गिटार, माझे ड्रम, आणि लोडशेडिंगवर, मेसच्या पाणचट वरणावर गौतमदाचं दणकून ओरडणं. 'पोरगी ड्रमवर कशाला?' असं कुणी म्हणालं, तर तो उसळला, "मग तुमी बसा. टाळी तरी तालात वाजती का तुमची?" त्या वाक्याच्या जोरावर पुढे ऑफिसातल्या कितीतरी बैठकांत मी माझी खुर्ची सोडली नाही.

नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, बँड थांबला. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. आवाज खरखरीत, खोल गेलेला.

"कॅन्सर हाय. डॉक्टर घशातलं यंत्रच काढायलेत. काढायच्या आधी वापरून टाकू. अल्बम करू."

मला रडू फुटलं.

"रडणं मागून. आधी यादी कर, तुला ते लय जमतंय."

केली. जनरेटर, लांब वायर, रौफची सुट्टी, कोमट पाणी, आणि चारठाण्याजवळच्या जुन्या बारवेत वाजवायची परवानगी. जागा त्यानेच निवडली होती; त्या पायऱ्यांच्या विहिरीत आवाज घुमतो म्हणून. नवी गाणी संथ आणि काळोखी होती: वटवाघळं, ओस पडलेली घरं, गेलेली माणसं. माझी लेक म्हणाली, "काका, हे गॉथिक आहे."

"गॉथिक का फॉथिक. आमच्यात याला आवस म्हणत्यात." अल्बमचं नाव तेच ठेवलं, 'आवस', म्हणजे अमावास्या.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी आम्ही तळाच्या पायरीवर मांडामांड केली. गौतमदाने चपला काढल्या, दगडावर पाय रोवले. शेवटच्या गाण्यात तो अगदी खालच्या सुरात उतरला, आणि कोनाड्यांतले सगळे पारवे फडफडत वर उडाले.

रौफ कळवळला, "दादा, कबूतरां घुस गये गाने में. फिर से लेंगे."

मीही मान हलवली. प्रत्येक गाणं पुन्हा घ्यायला वेळ राखूनच ठेवला होता.

गौतमदा भिंतीला टेकून धापा टाकत होता. "ऱ्हाऊ द्या. त्यांचं घर हाय, आपण पाव्हणे. आन् ह्यो आवाज पुन्हा यायचा न्हाई."

खरंच नाही आला. आता त्याच्या गळ्याला भोक आहे, वर पांढरा रुमाल. परवा दुकानात गेले, तर एक गिऱ्हाईक गौतमदाच्या मोबाइलवरचं गाणं ऐकून विचारत होतं, "कोण गायलंय हे? अंगावर काटा आला."

गौतमदाने छातीवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे पाहून हसला आणि मला स्टूल सरकवलं. गाणं पुन्हा पहिल्यापासून लावण्याआधी त्याने चपला काढल्या. मीही काढल्या.