मंडपाच्या गोडाऊनमधलं जपान

आमच्या ग्रुपचे किस्से मी कधी मुद्दाम गोळा केले नाहीत. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना मला मधेच काहीतरी आठवून हसू येतं, गिऱ्हाईक घाबरून विचारतं, "का हो, बरी दिसत नाही का?" आणि मग सांगावंच लागतं. असं करत करत ते साठले. आता तर काही लोक नंबर बदललेला नसतानाही येऊन बसतात.

आधी माणसं सांगते. भालेराव सर मला शाळेत इतिहास शिकवायचे, आता रिटायर आहेत. जुने जपानी युद्धपट हे त्यांचं वेड. घोडे, भाले, किल्ले आणि तीन-तीन तासांचे सिनेमे. रफीकभाई मंडप-डेकोरेशनवाले. वडाळा रोडला त्यांचं गोडाऊन आहे, तिथेच आमचं थिएटर. प्रोजेक्टर त्यांचा आणि पडदा म्हणजे लग्नाच्या स्टेजमागचं पांढरं कापड. सुनंदाताई दिंडोरीच्या, द्राक्षबागाईतदार. माझ्याकडे चष्म्याला आल्या होत्या. काउंटरवर डिस्कचं कव्हर पडलं होतं, त्यावरच्या चिलखतातल्या माणसाकडे बघून म्हणाल्या, "ह्यो कोण?" पुढच्या रविवारी हजर. आणि मी मधुरा, कॉलेज रोडला माझं चष्म्याचं दुकान. सरांच्या मिसेस, म्हणजे काकू, पण दर रविवारी असतात. मात्र 'मी फक्त डबा घेऊन येते' असं त्यांचं म्हणणं आहे.

रविवारी सकाळी दहाला शो. दहा म्हणजे दहा. सर आहेत!

*

सरांनी पहिल्यांदा थेट जपानहून एका सिनेमाची ब्लू-रे डिस्क मागवली त्याची गोष्ट. जाड पुठ्ठ्याची पेटी, आत पुस्तिका, पुस्तिकेत किल्ल्याचा नकाशा. सरांनी ती दोन्ही हातांनी धरून आणली, प्रसादासारखी. रफीकभाईंनी डिस्क घातली आणि पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, की ही डिस्क तुमच्या प्रदेशात चालणार नाही.

सर मला म्हणाले, "मधुरा, म्हणजे काय?"

मी समजावलं, की सर, कंपन्यांनी जगाचे तीन भाग केलेत. जपान ए मध्ये आहे, आपण रशिया-चीनबरोबर सी मध्ये. एकाची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर चालत नाही.

सरांनी पडद्यावरची ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "ही वाटणी कुठल्या तहात झाली?"

त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. दीड पान, हातानं, इंग्रजीत. आपल्या दोन देशांचं कधी वैर नव्हतं, महायुद्धात ब्रह्मदेशात जे झालं ते इंग्रजांच्या हुकमाने झालं, आमच्या मनात तेव्हाही काही नव्हतं, तरी आम्हाला वेगळ्या गटात घालण्याचं कारण कळवावं. आम्ही खूप हसलो. पण काही आठवड्यांनी उत्तर आलं! चार ओळींचं, अतिशय नम्र, त्यात तीन वेळा क्षमा मागितलेली. उपाय काहीच नाही.

उपाय रफीकभाईंनी केला. सगळ्या प्रदेशांच्या डिस्क चालवणारा एक प्लेअर कुठूनतरी पैदा केला. आणि सरांनी ते पत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. पाहुणे आले की सांगतात, "जपानने माफी मागितली."

*

सुनंदाताईंना लढाईतलं शौर्य वगैरे पहिल्यांदा काही दिसलंच नाही. पडद्यावर हजारभर घोडेस्वार डोंगर उतरताहेत, ढोल वाजताहेत, सरांच्या अंगावर काटा आलाय आणि ताई मला हळूच विचारतात, "एवढ्यांना जेवायला कोण घालतंय?" काढणीच्या दिवसांत त्यांच्याकडे चाळीस बायका असतात. त्यांना डोळ्यांपुढे फक्त चुली दिसत होत्या.

पण नजर बाईंची जबरदस्त. एक सिनेमा आम्ही अनेकदा डीव्हीडीवर पाहिलेला, धुरकट. त्याची नवी, साफ केलेली ब्लू-रे आली. सर म्हणाले, आता प्रत्येक भाल्याचं टोक दिसेल. सिनेमा संपल्यावर ताई म्हणाल्या, "सर, पुढचे दोन्ही पाय पांढरे असलेला एक घोडा हाय. तो तीनदा मेला."

आम्ही मागे नेऊन पाहिलं. खरंच तीनदा. एकदा तर वेगळ्या सैन्यातून.

सरांना वाईट वाटलं. रफीकभाईंनी त्यांची समजूत घातली. म्हणाले, "सर, त्यात काय. आपला तो लाल गालिचा एका दिवसात तीन लग्नं करतो."

*

सिनेमे जपानीत, सबटायटल्स इंग्रजीत. काकू आणि सुनंदाताईंसाठी सर ती मराठीत वाचून दाखवतात. पण सरांचं मराठी पडलं बखरीतलं. "स्वामी, गनीम नदीपार झाला. हुकूम व्हावा." ऐकायला भारदस्त, पण तासाभराने काकूंची मान डुलायला लागते.

एका रविवारी सरांचा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायला बंदी केलेली. आता वाचणार कोण? रफीकभाई म्हणाले, मी बघतो. त्यांचं इंग्रजी बेताचं, पण आयुष्यभर लग्नात वरपक्ष-वधूपक्षाची भांडणं ऐकलेला माणूस! पडद्यावर जासूद धावत येतो आणि सरदारापुढे गुडघे टेकतो. रफीकभाई सुरू झाले: "साहेब, समोरची पार्टी ऐकायला तयार नाही. ते म्हणतात, किल्ला टायमावर खाली करा."

सरदार गरजतो. "साहेब म्हणतात, आपलं ठरलं काय होतं?"

काकू एकदम ताठ बसल्या.

मग सरदाराची बायको येते. पांढराफटक चेहरा, हातात पंखा. खालमानेने एक लांबलचक वाक्य बोलते. रफीकभाईंनी जरा विचार केला आणि म्हणाले, "बाई म्हणतात, मी तेव्हाच सांगितलं होतं."

काकू हसता हसता खुर्चीतून घसरायच्या बाकी होत्या. सरांना राहवेना. त्यांनी खिशातून कागद काढला, भराभरा लिहिला आणि काकूंच्या हातात दिला. त्यावर होतं, 'चूक. ती म्हणते आहे की या कुळाचा नाश अटळ आहे.'

काकूंनी चिठ्ठी वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "मग तेच की."

*

या सिनेमांमध्ये माणसं खूप वेळ काही न करता बसतात. सरांनी आम्हाला ते बघायला शिकवलं. म्हणाले, लढाईच्या आधीची स्तब्धता हीच खरी लढाई.

एकदा असाच म्हातारा सेनापती चटईवर बसलेला, मागे उघडं दार, दारातून धुकं. तो हलेना. आम्हीही हलेना. सर अगदी हळू आवाजात सांगत होते, की बघा, पापणीसुद्धा लवत नाही, त्याला मरण दिसतंय. मला खरंच गलबलून आलं. रफीकभाईंनी हातातला चहा तसाच थंड होऊ दिला. मी तर त्या धुक्यात सेनापतीचं सगळं आयुष्य पाहिलं.

मग सुनंदाताई पिशवीतून रुमाल घ्यायला वाकल्या, पिशवी उचलली आणि सेनापती ताडकन उठून दाराबाहेर गेला. पिशवीखाली रिमोट होता.

सर एवढंच म्हणाले, "तरी परिणाम झालाच ना?"

पुढच्या रविवारी दुसऱ्या सिनेमात एक राजकुमार नदीकाठी असाच थिजला. आम्ही चौघांनी मिळून खुर्च्यांखाली, गाद्यांखाली, ताईंच्या पिशवीत रिमोट शोधला. तो रफीकभाईंच्या हातातच होता आणि सिनेमा चालूच होता. तेवढ्यात राजकुमार मेला, तो कसा, हे आम्हाला अजून माहीत नाही.

*

द्राक्षं पिकायला लागली की पाखरांचा त्रास सुरू होतो. डबे वाजवा, फटाके लावा, पाखरं येतातच. सुनंदाताईंनी मला विचारलं, त्या मोठ्या लढाईचा नुसता आवाज पेन ड्राइव्हवर मिळेल का? मी भरून दिला. घोड्यांच्या टापा, ढोल, बाणांचा वर्षाव, आरोळ्या आणि शेवटी एका म्हाताऱ्याचा विलाप. ताईंनी तो ट्रॅक्टरच्या स्पीकरवर लावला.

पहिल्या दिवशी पाखरं शिवारातूनच पळाली. दुसऱ्या दिवशी निम्मी आली. तिसऱ्या दिवशी स्पीकरवर बसून ऐकायला लागली. ताईंनी नाद सोडला आणि आवाज बंद केला.

चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या मळ्यातले तात्या बांधावर येऊन उभे राहिले. सत्तरीचे आहेत, बोलणं कमी. ताईंना वाटलं, आवाजाची तक्रार आहे. म्हणून त्यांनीच आधी सांगून टाकलं, की तात्या, चुकलं, बंद केलंय.

तात्या थोडं घुटमळले. मग म्हणाले, "बंद केलं ते ठीक हाय. पण ते म्हातारं शेवटाला एवढं रडत व्हतं, त्याचा पोरगा वाचला का नाय, तेवढं सांग."

*

आता हा एक सांगते आणि दुकान उघडते.

सरांचा सगळ्यात आवडता सिनेमा म्हणजे एका नदीच्या दोन काठांवर उभ्या असलेल्या दोन सैन्यांचा. तो आम्ही वर्षातून दोनदा तरी बघतो. नदीचा प्रसंग आला की सर उभे राहतात. म्हणतात, "बघा, दोन्हीकडे काळी निशाणं. दिग्दर्शकाला म्हणायचंय की युद्धात पलीकडचा असा कोणी नसतोच. माणूस आपल्याच निशाणावर चालून जातो." हे ते इतकं आतून सांगतात, की सुनंदाताईंनी दर वेळी डोळे पुसलेत.

अडचण एकच. पलीकडची निशाणं निळी आहेत. गडद, पण निळी.

मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण ज्यांनी आपल्याला नववीत पानिपत शिकवलं, त्यांना मधेच थांबवून 'सर, निळी' कसं म्हणणार? रफीकभाई गप्प होते, ताई गप्प होत्या. मला वाटलं, त्यांना काळीच दिसत असतील.

मग एका रविवारी माझं लक्ष सरांच्या पायांकडे गेलं. एक मोजा काळा, एक नेव्ही ब्लू. आणि माझ्यातली विद्यार्थिनी बाजूला होऊन दुकानदारीण जागी झाली. मी सरांना बोलावून तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. त्यात गडद निळं काळंच दिसतं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून घ्या.

सर नाही म्हणाले. फार वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या भावाची दृष्टीच ऑपरेशननंतर गेली होती. पुढे भाऊ सरांना आवाजावरूनच ओळखायचे. "मला दिसतं तेवढं पुरेसं आहे," हे एकच वाक्य ते दोन महिने म्हणत होते. काकू दुकानात येऊन माझ्यासमोर रडल्या. चहात मीठ पडलं, जिन्यावर पाय चुकला, पण सर ऐकेनात.

शेवटी रफीकभाई त्यांच्या घरी गेले. काय बोलले माहीत नाही, पण सर तयार झाले, एका अटीवर, की सगळ्यांनी बाहेर बसायचं. आम्ही बसलो. सुनंदाताई बागेची छाटणी अर्धी टाकून आल्या होत्या, साडीला पानं चिकटलेली. आत सर आणि बाहेर आम्ही. ऑपरेशन छान झालं. आधी उजवा डोळा, डाव्याची तारीख पुढच्या महिन्यातली.

तीन आठवड्यांनी सर गोडाऊनमध्ये आले. मी दुसरा सिनेमा सुचवला. रफीकभाईंनी तिसरा. सर म्हणाले, "तोच लावा."

नदी आली. सर उभे राहिले आणि काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "रफीकभाई, जरा थांबवा."

चित्र थांबलं. सर चालत पडद्यापर्यंत गेले आणि कापडावर बोट ठेवलं. "हे निळं आहे."

मी म्हटलं, "हो सर."

"पहिल्यापासून?"

"हो सर."

"तुम्हा सगळ्यांना दिसत होतं?"

रफीकभाई प्रोजेक्टरची वायर तपासायला लागले. काकूंनी डबा उघडला आणि परत लावला. शेवटी सुनंदाताई म्हणाल्या, "दिसत व्हतं सर. पण तुमी सांगायचा तेच लय खरं वाटायचं."

सर परत येऊन खुर्चीत बसले. मला वाटलं, आता उठून घरी जातील, आणि पुढच्या रविवारी येणार नाहीत. मग त्यांनी हाताने खूण केली, चालू करा म्हणून.

सैन्यं हलायला लागली. सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, नवा उजवा डोळा तळहाताने नीट झाकला आणि उभे राहिले.

"बघा," ते म्हणाले, "दोन्हीकडे काळी निशाणं."