दर दहावी खोली

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी सांगलीला कॉलेजात होते. आमचे संख्याशास्त्राचे सर नुकतेच पुण्याहून आले होते. त्यांच्या बुशशर्टाला कडक इस्त्री असे आणि शास्त्रावर त्यांची त्याहून कडक श्रद्धा होती. शितावरून भाताची परीक्षा होते, अख्खं पातेलं उपसत बसायचं नसतं, हे त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं. शीत कुठलं उचलायचं एवढाच काय तो प्रश्न, आणि त्यासाठी शास्त्र होतंच.

माधवनगरच्या वाटेवर एका गिरणीची चाळ होती. माझे वडील त्या गिरणीत मागावर होते आणि आम्ही त्याच चाळीत राहायचो. बैठ्या खोल्यांच्या लांब ओळी, एकेका ओळीत दहा खोल्या, आणि ओळ संपते तिथं एक नळ. सकाळी तासभर पाणी यायचं. गिरणीच्या कल्याण समितीला चाळीत पाणी पुरतं की नाही हे जाणून घ्यायचं होतं. समितीतल्या कुणी चाळीत एक चक्कर मारली असती तर कळलं असतं, पण त्याला शास्त्रीय आधार राहिला नसता. म्हणून काम आमच्या सरांकडे आलं.

सरांनी पद्धतशीर नमुना घ्यायचं ठरवलं. पहिली खोली चिठ्ठी टाकून निवडायची, पुढं दर दहावी खोली घ्यायची. चिठ्ठीत दहाचा आकडा निघाला. मी उभी राहून म्हटलं, सर, मी त्याच चाळीत राहते, दहावी खोली नळाला लागून आहे. सर हसले. संशोधकानं स्वतःचं घर मध्ये आणायचं नसतं, त्याला पूर्वग्रह म्हणतात, असं त्यांनी मला समजावलं आणि फळ्यावर तो शब्द लिहून खाली रेघ मारली.

आम्ही मुलं-मुली दुपारच्या वेळी चाळभर फिरलो. आई आमच्या पाचव्या खोलीच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. आम्ही तिच्यासमोरून पुढं निघालो तसं तिनं सरांना विचारलं, "आवं सर, आमाला न्हाई का इचारायचं?"

सर नम्र होते. कुणावर अन्याय होऊ नये म्हणून चिठ्ठी टाकली, असं त्यांनी सांगितलं.

"चिट्ठीला पाणी भराया लागत न्हाई, तिचं बरं हाय," आई म्हणाली आणि पुन्हा सुपात बघू लागली.

दहाव्या खोल्यांतल्या बायकांनी पाणी भरपूर असल्याचं सांगितलं. एकीनं तर नळाच्या सांडलेल्या पाण्यानं उंबरा भिजतो अशी तक्रार केली. ती इतर शेऱ्यांत नोंदवली गेली. शंभर टक्के समाधान असा अहवाल तयार झाला आणि समितीनं सरांना शाल-श्रीफळ दिलं.

पुढं साताऱ्याला प्राध्यापकांची परिषद होती. तक्ते धरून उभं राहायला सर मला घेऊन गेले. चाळीच्या पाहणीवरचा त्यांचा निबंध छान झाला. मग मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी नळ कुठं आहे ते विचारलं. तो अभ्यासाचा भाग नव्हता, असं सर म्हणाले. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दहाव्या खोलीच्या दाराशी," मी म्हटलं.

सभागृह बराच वेळ हसत होतं. सर तक्त्यांची गुंडाळी करत होते. त्यांचे कान लाल झाले होते आणि गुंडाळी काही केल्या नीट होत नव्हती. मला त्यांची दया आली, पण पाणी वाहून दुखरा झालेला आईचा खांदाही आठवला, त्यामुळे दया बेताचीच राहिली. परतीची एसटी कऱ्हाडला थांबली. स्टँडवर सरांनी माझ्यासाठी चहा आणला आणि म्हणाले, "पुन्हा चिठ्ठी टाकू."

या खेपेला पाच निघाला. आता आई नमुन्यात आली आणि तिच्याबरोबर सगळ्या ओळींच्या मधल्या खोल्याही. शेवटच्या नळापासून घागरी वाहून त्या सगळ्या विटल्या होत्या. शंभर टक्के असमाधान. सर हवालदिल झाले. दोन्ही अहवाल निर्दोष पद्धतीनं केलेले होते. अख्ख्या चाळीला विचारू या, असं मी सुचवलं. पण मग नमुना कशाला म्हणायचं, असा त्यांना प्रश्न पडला. शेवटी त्यांनी दोन्हींची सरासरी काढली आणि निम्मी चाळ समाधानी असल्याचं समितीला कळवलं.

समितीला हे फार पटलं. निम्मी चाळ असमाधानी, तर निम्म्या ओळींना मधोमध दुसरा नळ द्यायचा. कुणावर अन्याय नको म्हणून एक ओळ सोडून एक घेतली. आमची ओळ सुटली.

आई काही दिवस समोरच्या ओळीतल्या नव्या नळावर जात होती. आधी तिथल्या बायका भांडल्या. मग त्यांच्यात एक औंधकडची निघाली, आईच्या माहेरच्या शेजारच्या गावची, आणि भांडण मिटलं. दोघींनी मिळून बाजारातून रबरी नळी आणवली, बोळ ओलांडून ती आमच्या ओळीपर्यंत ओढली आणि पाण्याच्या वेळा आपसात वाटून घेतल्या. कुणाला विचारलं नाही, चिठ्ठी टाकली नाही. महिन्याभरानं गिरणीचे कल्याण अधिकारी आले, वाकून नळीकडे पाहिलं, आणि समितीनं वर्षभरात केलेल्या कामांच्या यादीत तिची भर घातली.